कॅम्पबेल बेटाचा उठावाचा नकाशा : मेंढ्यांचा फार्म, व्हेलची शिकार आणि मधली खिंड (प्रकल्प नोंदी)

१२ एप्रिल

आधी काम काय आहे ते सांगते. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकापासून साधारण ७०० किलोमीटर खाली, ५२ अंश दक्षिण अक्षांशाच्याही पलीकडे कॅम्पबेल बेट आहे. १८९५ ते १९३१ या काळात तिथे मेंढ्यांचा फार्म होता आणि मधली काही वर्षं त्याच बेटाच्या किनाऱ्यावर राइट व्हेल या जातीच्या व्हेलची शिकार चालली. आज तिथे कोणी राहत नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात आमच्या भागातल्या वाचनालयात ऑगस्टअखेर एक छोटं प्रदर्शन आहे. त्यासाठी बेटाचा उठावाचा, म्हणजे डोंगर-दऱ्या उंचीसकट दाखवणारा, नकाशा करायचं मी अंगावर घेतलं आहे.

फार्मवर लिहिणारे फार्मवर लिहितात, व्हेलवर लिहिणारे व्हेलवर. दोन्ही एकाच जमिनीवर मांडून पाहिलेलं मला कुठे सापडलं नाही. माझी समजूत अशी आहे की हे दोन धंदे एकाच हिशेबाचे दोन रकाने होते. नकाशा झाला की ते दिसेल किंवा खोटं ठरेल.

प्रमाण १:२५,००० ठरवलं. बेटाची लांबी-रुंदी साधारण १६ किलोमीटर, म्हणजे नकाशा ६४ सेंटिमीटरच्या आसपास येईल. वाचनालयाच्या टेबलावर मावतो आणि गाडीच्या मागच्या सीटवरही.

१८ एप्रिल

समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) न्यूझीलंडच्या सरकारी भू-माहिती खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रणालीत उघडल्या, दर २० मीटरची रेषा होती. एवढे थर कापायचे म्हणजे जन्म जाईल, म्हणून एक सोडून एक घेतली, दर ४० मीटरला एक थर. सर्वांत उंच माउंट हनी ५५८ मीटर, म्हणजे समुद्रसपाटी धरून १४ थर.

महाराष्ट्रात कोणी असं काम करणार असेल तर इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर उंचीची माहिती मिळते, त्यातून समोच्च रेषा काढता येतात. कोकणातल्या एखाद्या बंदरासाठी मात्र ४० मीटरचा थर फार जाड होईल. तिथे १० मीटरचा घ्या.

२६ एप्रिल

पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड आणला. कापायला सोपा, वजनाला हलका, चिकटवायला त्रास नाही. आठवडाभराच्या संध्याकाळी त्यावर गेल्या, आणि आज सगळे थर रचून पाहिले तर बेट दिवाळीतल्या किल्ल्यासारखं दिसतंय. १४ थर गुणिले ५ म्हणजे ७० मिलिमीटर. खऱ्या प्रमाणात माउंट हनीची उंची २२ मिलिमीटर हवी. तिपटीहून जास्त ताणली गेली.

देखाव्यासाठी हे चालून गेलं असतं. इतिहासासाठी नाही. पश्चिमेकडच्या नॉर्थवेस्ट बे आणि पूर्वेकडून आत शिरलेल्या पर्सिव्हिअरन्स हार्बर यांच्या मधली जी खिंड आहे, ती या नकाशात अशी दिसते की माणूस दोर लावूनच चढेल. प्रत्यक्षात ती पायी ओलांडता येते. पाहणाऱ्याच्या मनात पहिल्याच नजरेला खोटी गोष्ट बसेल. सगळं काढून टाकलं. फोम बोर्डचे ६० डॉलर गेले.

३ मे

आता दोन मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा, पुस्तकबांधणीवाले वापरतात तो. १४ थरांची उंची २८ मिलिमीटर, म्हणजे सव्वापट. एवढी वाढ हवीच, नाहीतर टेबलावर वरून पाहताना डोंगर कळतच नाहीत.

पुठ्ठा कापायला जड आहे. एका दमात कापायला जाऊ नका, पातं घसरतं आणि किनाऱ्याच्या खाचा तुटतात. हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा आणि पातं लवकर बदला. पश्चिम किनारा उभ्या कड्यांचा असल्यामुळे तिथे सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून येतात. तिथे प्रत्येक थर वेगळा कापण्यापेक्षा चार थर चिकटवून एकत्र कापले. पूर्वेकडे उतार सावकाश आहेत, तिथे जसंच्या तसं कापलं.

९ मे

पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद लावला आणि रात्रीतून पुठ्ठा कडांनी वर उचलला. खालचे तीन थर वाकडे झाले. गोंदातलं पाणी एका बाजूने शोषलं जातं आणि ती बाजू फुगते. ओला असतानाच वर विटा ठेवल्या असत्या तर निभावलं असतं.

केलेली दुरुस्ती: वाकलेल्या थरांच्या पाठीवर ओलं फडकं फिरवलं, दोन फळ्यांमध्ये दाबून दोन दिवस ठेवलं, सरळ झाले. पुढच्या थरांना फवारायचा गोंद. महाग पडतो, एक डबा १८ डॉलर आणि तीन लागले. पण पुठ्ठा ओला होत नाही.

१७ मे

गोंद सुकेपर्यंत जुनी वर्तमानपत्रं वाचतेय. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पण ‘कॅम्पबेल’ टाकलं की कचऱ्याचा ढीग येतो, कारण ब्लफ बंदराचं अधिकृत नाव १९१७ पर्यंत कॅम्पबेलटाउन होतं, आणि दक्षिणेची बरीच जहाजं तिथून सुटायची. वर स्कॉटिश आडनावं आहेतच. ‘कॅम्पबेल आयलंड’ हे दोन्ही शब्द अवतरणात, सोबत लोकर किंवा बलीन (व्हेलच्या जबड्यातल्या पट्ट्या) यासाठीचा त्या काळचा इंग्रजी शब्द, आणि १८९५ ते १९३१ ही मर्यादा, एवढं केलं तरच यादी वाचण्याजोगी होते.

हाती आलेला क्रम थोडक्यात. ४ जानेवारी १८१० ला सीलच्या शिकारीवर निघालेल्या पर्सिव्हिअरन्स जहाजाच्या कप्तान हॅसलबर्गने बेट शोधलं. सिडनीच्या ज्या कंपनीचं जहाज, तिचं नाव बेटाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो तिथल्याच बंदरात बुडून मेला. सील पुढे इतके मारले की तो धंदाच संपला. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ आले. ९ डिसेंबरला आभाळ भरून आलं आणि निरीक्षण वाया गेलं. डोंगरांची फ्रेंच नावं त्यांची. १८९५ मध्ये सरकारने चराईचा पट्टा दिला, जेम्स गॉर्डनने मेंढ्या उतरवल्या. १९०० मध्ये तो पट्टा न्यूझीलंडमधल्या गिस्बर्नच्या टकर यांच्याकडे गेला, आणि घर व लोकरीची शेड जिथे होती ती जागा आजही टकर कोव्ह म्हणून ओळखली जाते. टकरनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून मेंढपाळ आणवले. वारा, पाऊस आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल त्यांच्या सवयीची होती.

२५ मे

रंग. आधी प्लास्टरचा पातळ हात दिला, सुकल्यावर पुठ्ठा जरा हलला तरी भेगा. खरवडून काढलं. त्याऐवजी टिश्यू कागदाचे तुकडे पातळ गोंदात बुडवून थरांच्या पायऱ्यांवर बसवले. पुठ्ठ्याला आधीच लाखेचा हात दिल्यामुळे आता पाणी आत जात नाही. पायऱ्या पूर्ण बुजवल्या नाहीत, कारण लोकांना त्या मोजता आल्या पाहिजेत.

१ जून

शेजारी एक आजोबा राहतात, उमेदीची वर्षं मेंढ्या कातरण्यात गेलेली. शेड कुठे दाखवायची ते विचारायला त्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. नकाशाकडे फार न बघता त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तिथे पाऊस किती?

मी सांगितलं, वर्षाचे साधारण ३२५ दिवस काही ना काही पडतो आणि ऊन वर्षाला जेमतेम ६५० तास. ते म्हणाले, मग त्या फार्मचं मोजमाप गवतावर करू नकोस, छपरावर कर. ओली मेंढी कातरत नाहीत. ओली लोकर गठ्ठ्यात बांधली की आत तापते, कुजते, आणि ओल्या मेंढ्यांवर वाकून दिवस काढणाऱ्या माणसांना गळवं येतात, सांधे धरतात. म्हणजे छपराखाली जेवढ्या मेंढ्या सुकवता येतील तेवढ्याच दुसऱ्या दिवशी कातरता येणार. बाहेर हजारो उभ्या असल्या तरी उपयोग नाही.

ऊन दिवसाला सरासरी दोन तासही नाही, आणि १९१० च्या सुमारास बेटावर साडेआठ हजार मेंढ्या होत्या. एका दिवसाचा पाऊस म्हणजे पगार चालू आणि काम बंद. मी महिनाभर चराई कुठे होती ते शोधत होते. माझ्या सगळ्या वाचनात ही गोष्ट कुठे आली नव्हती. लोकरीच्या शेडसाठी नकाशात साधा ठिपका ठेवला होता, तो काढून तांब्याची चौकोनी पट्टी बसवली, सगळ्या खुणांत सर्वांत मोठी.

८ जून

मेंढ्यांचे आकडे कसे दाखवायचे? जमिनीवर टाचण्या टोचाव्यात असं वाटलं होतं, १०० मेंढ्यांना एक. पण कुठल्या वर्षी कळप कुठे चरत होता हे ठरवणारी मी कोण? म्हणून टाचण्या नकाशावर नाहीत, खालच्या लाकडी पट्टीवर ओळीने. १९१० च्या ओळीत ८५. १९३१ मध्ये माणसं निघून गेली तेव्हा मागे राहिलेल्या सुमारे ४००० च्या ४०. पुढे कोणी न कातरता, न राखता, १९६१ पर्यंत उरलेल्या हजारभराच्या १०. मग त्या परत वाढल्या, १९६९ च्या सुमारास ३०००, तर ३०.

टाचण्यांची ओळ कमी होताना दिसते ती फार्म चालू असल्यापासूनच. साडेआठ हजारांवरून चार हजारांवर बेट माणसांच्या हातात असताना आलं. टसॉक हे झुबक्यांनी वाढणारं गवत जाळलं, मोठ्या पानांच्या ज्या वनस्पती जगात फार थोड्या बेटांवर आहेत त्या मेंढ्यांनी बुडापर्यंत खाल्ल्या, आणि खाण्याजोगं गेल्यावर तिथे काटक झुडपं माजली.

१५ जून

आता व्हेल. १९०९ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाकडच्या मार्लबरो साउंड्समधल्या टोरी चॅनलहून जॅक नॉर्टनची टोळी आली आणि नॉर्थवेस्ट बेमध्ये मुक्काम केला. वल्ह्याच्या होड्या, हाताने फेकायचे हार्पून, मग भाला. राइट व्हेल हळू पोहते, किनाऱ्याजवळ येते, मेल्यावर बहुधा तरंगते. वल्हवणाऱ्या माणसांना झेपणाऱ्या मोठ्या व्हेलपैकी ही एक.

पुढे, १९११ च्या सुमारास, नॉर्थईस्ट हार्बरमध्ये न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या व्हांगामुमूच्या कुक बंधूंनी तळ टाकला. त्यांच्याकडे हनानुई नावाची वाफेवर चालणारी बोट होती. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तो तळ बंद झाला. बेट एकच, पण उत्तरेकडचा तळ स्वतःच्या बोटीवर उभा होता आणि पश्चिमेकडची टोळी फार्मच्या आधारावर. माझा विषय दुसरी.

२२ जून

खिंडीवर काम. नॉर्थवेस्ट बे उघडा आहे, पश्चिमेचा सगळा वारा आणि लाट तिथे येऊन आदळते. जहाज उभं राहायचं ते पर्सिव्हिअरन्स हार्बरमध्ये, फार्मच्या दारात. माझ्या नकाशावर दोन्हीतलं अंतर काही सेंटिमीटर आहे, आणि समुद्रातून वळसा घातला तर अर्धं बेट फिरून यावं लागतं.

लाल दोरा लावून दोन्ही वाटा मोजल्या तेव्हा पश्चिमेच्या मालात बलीनला एवढं महत्त्व का ते हातात आलं. बलीन म्हणजे राइट व्हेलच्या वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या लांब, लवचिक पट्ट्या, नखासारख्या द्रव्याच्या. त्या काळी त्यांच्या पट्ट्या बायकांच्या कॉर्सेटमध्ये आणि चाबकांत जायच्या. वाळवली की हलकी, बांधून खांद्यावर घेता येते, तेलाच्या पिंपासारखी गळत नाही. पीटमध्ये गुडघाभर रुतत खिंड चढायची असेल तर न्यायला परवडेल असा माल तोच.

आणि हंगाम पाहा. मेंढ्या कातरायच्या उन्हाळ्यात. व्हेल येतात मे ते सप्टेंबर, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात. फार्मवर हिवाळ्यात माणसांना पोसावं तर लागतंच, आणि जहाजाचं भाडं लोकर थोडी असो की जास्त, तेवढंच. लोकरीच्या गठ्ठ्यांशेजारी बलीनचे भारे चढले तर तीच फेरी दोन धंद्यांची होते. १२ एप्रिलला जी समजूत होती ती इथे दोऱ्याने मोजून पटली. शेड, खिंड आणि जहाजाची जागा एका लाल दोऱ्यात ओवली आहेत. नकाशावर रंगवलेल्या रेषेपेक्षा दोरा बरा, मुलं बोट फिरवून पाहतात.

३० जून

१:२५,००० ला आठ मीटरची होडी जेमतेम वाळूच्या कणाएवढी होते. म्हणून नकाशावर होडी, व्हेल, माणूस काहीच नाही. त्याऐवजी बाजूला बलीनची एक पट्टी खऱ्या आकाराची करायची ठरवली, दोन मीटरच्या वर लांब, हिरडीकडे रुंद आणि खाली निमुळती.

काळ्या पातळ प्लास्टिकची पट्टी कापली, आतल्या कडेला झालर म्हणून काथ्या लावला. दिसायला छान झाली. पण राइट व्हेलची झालर बारीक असते, कारण ती तांदळाच्या कणीएवढे समुद्री जीव गाळून खाते. काथ्यातून ते सगळे निसटले असते. काथ्या उपटला. शेजारच्या आजोबांनी न कातलेल्या गडद लोकरीची पिशवी आणून दिली. ती पिंजून, लांब धागे वेगळे करून, आतल्या कडेला टिपेने टिपेने शिवली. आता हात फिरवला की झालर बोटांना मऊ लागते आणि पाणी ओतलं तर खरंच गाळते, न्हाणीघरात करून पाहिलं.

शिवायला जाड सुई आणि मेणाचा दोरा. प्लास्टिकला आधी टोच्याने भोकं पाडा, नाहीतर चिरतं.

१३ जुलै

फलकांचा मजकूर. सर्वांत जास्त वेळ एका ओळीवर गेला. जनुकांवरून काढलेल्या अंदाजानुसार न्यूझीलंडच्या राइट व्हेल १९१४ ते १९२६ च्या दरम्यान तळाला गेल्या होत्या, पिलं देऊ शकतील अशा माद्या ४० च्या आत. त्याआधी, मोठी शिकार सुरू होण्यापूर्वी, त्या हजारोंनी होत्या.

हे वाचल्यावर नॉर्टनच्या टोळीकडे पाहण्याची नजर बदलते. ती माणसं भरल्या कोठारातून नेत नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांनी खरवडून नेल्यावर तळाशी जे उरलं होतं त्यातून नेत होती, आणि हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. वल्ह्याच्या होडीची शिकार निसर्गाला झेपते असं अनेकदा बोललं जातं. खाली ४० उरल्या असतील तेव्हा वल्हंसुद्धा पुरतं. फलकावर हे सौम्य करून लिहा असं मला सुचवण्यात आलं. मी केलं नाही.

बाजारानेही हात काढून घेतला. कॉर्सेटमध्ये पोलादी पट्ट्या आल्या, मग कॉर्सेटच मागे पडलं आणि बलीनचा भाव कोसळला. हिवाळ्याचा रकाना रिकामा झाला. १९१६ मध्ये फार्म ओटागोच्या, म्हणजे डनेडिनच्या भागातल्या, लोकांकडे गेला तेव्हा लोकरीवरच सगळा भार होता. १९२९ नंतरच्या मंदीत लोकरही गेली, आणि १९३१ मध्ये शेवटची माणसं मेंढ्या आणि थोडी गुरं तशीच सोडून निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनिव्हात जो व्हेलचा करार झाला त्यात राइट व्हेल मारायला बंदी घातली. करार अंमलात आला १९३५ ला. १९६० च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी या दक्षिण समुद्रात बंदी मोडून पुन्हा राइट व्हेल मारल्या, हेही फलकावर आहे.

२७ जुलै

फार्मनंतरचा भाग आटोपशीर ठेवला. १९४१ ते १९४५ शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवणारे पहारेकरी, मग हवामान केंद्र, तेही १९९५ मध्ये स्वयंचलित झालं. १९७० मध्ये बेटाच्या आडवं कुंपण घालून उत्तरेकडच्या मेंढ्या मारल्या आणि दक्षिणेकडच्या तुलनेला ठेवल्या. कुंपणाच्या एका बाजूला वनस्पती परत येताना दिसल्यावर १९८४ मध्ये दुसरं कुंपण आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटच्या मेंढ्या संपवल्या. २००१ मध्ये हेलिकॉप्टरने १२० टन विषारी आमिष टाकून उंदीर नाहीसे केले. तेव्हा एवढ्या मोठ्या बेटावर हे कोणी केलं नव्हतं.

शेवटच्या मेंढ्या मारण्याआधी, १९७५ मध्ये, थोड्या न्यूझीलंडला आणून त्यांची जात राखली. आजोबांना हे माहीत होतं. त्यांना त्या मेंढ्यांचं कौतुक आहे, मला त्या वनस्पतींचं. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

९ ऑगस्ट

वाहतुकीची रंगीत तालीम. नकाशा फळीवर फक्त चिकटवला होता. गाडी वळताना तो सरकला आणि नॉर्थईस्ट हार्बरचं एक टोक तुटलं. टोक परत बसवलं, आता फळीच्या खालून सहा स्क्रू आहेत, डोंगर जाड आहेत त्या जागी. स्क्रू खालच्या सहा थरांपुढे जाऊ देऊ नका, वरचा पुठ्ठा फुगतो.

दोरा ताणून बांधला होता, थंडीत पुठ्ठा आखडल्यावर तो सैल पडला. आता खिंडीच्या माथ्यावर एक बारीक पितळी खिळा आहे, दोरा त्यावरून जातो.

एकूण खर्च फुकट गेलेला फोम बोर्ड धरून २४० डॉलरच्या आसपास. त्यातला पुठ्ठा ४५, फवारायचा गोंद ५४, बाकी पाती, लाख, रंग, फळी, प्लास्टिक. पुन्हा करायचं झालं तर रेषा लेझरवर कापून घेईन. दुकानदाराने सांगितलेला दर माझ्या पात्यांच्या आणि बोटांच्या हिशेबात महाग वाटत नाही.

१६ ऑगस्ट

एक फलक बदलला. ‘व्हेल परतल्या’ असं लिहिलं होतं. राइट व्हेलची २००९ ची मोजणी २००० च्या थोडी वर आहे, म्हणजे पूर्वीच्या संख्येच्या आठव्या हिश्शाइतकीही नाही. त्यांची पिलं मुख्यतः कॅम्पबेलच्या वायव्येला असलेल्या ऑकलंड बेटांच्या पोर्ट रॉसमध्ये होतात. कॅम्पबेलच्या नॉर्थवेस्ट बेमध्ये हिवाळ्यात त्या दिसतात, बहुतेक तरुण. म्हणून आता फलकावर फक्त आकडा, वर्ष आणि जागा आहे.

थर कापायच्या फाइली ज्यांना हव्यात त्यांना देईन. त्यात दर २० मीटरचे सगळे थर ठेवले आहेत, गाळलेले धरून. दुसऱ्या प्रमाणात करणाऱ्यांनी आधी एका थराच्या जाडीला, त्या प्रमाणात त्याची जी खरी उंची यायला हवी तिने भागून पाहा. दीडपटीच्या वर गेलात तर खिंडी खोट्या दिसायला लागतात.